कॅनडाचे सी-३ विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले; आमच्या नातीला नागरिकत्व मिळाले असे समजावे का?

डोंबिवलीची आजी
६ नोव्हेंबर २०२५

सर्वांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी पुण्यात राहते. जावई जन्माने नाशिकचे, पण नागरिकत्वाने कॅनडाचे आहेत. आमचे व्याही ऐंशीच्या दशकात टोरांटोला नोकरीस होते, १९८८ मध्ये त्यांनी तिथले नागरिकत्व घेतले आणि १९९० मध्ये वडिलांच्या आजारपणामुळे ते सहकुटुंब परत आले. पुढच्या वर्षी जावयांचा जन्म नाशिकला झाला. वडील कॅनडाचे नागरिक असल्यामुळे जावईही जन्मापासून कॅनडाचे नागरिक ठरले. ते ओंटारिओत शिकले, काही महिने नोकरी केली आणि २०१३ मध्ये कायमचे भारतात आले. त्यांच्याकडे कॅनडाचा पासपोर्ट आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे.

माझी नात २०२१ मध्ये पुण्यात जन्मली. परदेशात जन्मलेल्या नागरिकाचे परदेशातच जन्मलेले मूल कॅनडाचे नागरिक होत नाही, असे आम्हांला तेव्हा सांगण्यात आले आणि आम्ही तो विषय सोडून दिला. तिच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. काल मात्र व्याह्यांचा फोन आला की, ही अट बदलणारे सी-३ विधेयक कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या सभागृहात, मंजूर झाले, आता नात कॅनडाची नागरिक झाली, कागदपत्रांच्या तयारीला लागा. मुलीला जानेवारीत दुसरे बाळ होणार आहे, त्यामुळे घरात या एकाच विषयावर बोलणे चालले आहे.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. काल जे मंजूर झाले त्याने कायदा झाला का, आणि झाला नसेल तर अजून कोणते टप्पे उरले आहेत? दुसरे असे की, नातीला आणि येणाऱ्या बाळाला एकच नियम लागू होईल का? मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे आपल्या संसदेची कार्यपद्धती मला ठाऊक आहे. तिकडची ठाऊक नाही.

स्कारबरो_वाचक
६ नोव्हेंबर २०२५

आजी, निश्चिंत राहा. कॉमन्सने मंजूर केले म्हणजे मुख्य काम झाले. सिनेट नियुक्त सदस्यांचे सभागृह आहे, ते निवडून आलेल्या सभागृहाला अडवत नाही. नातीसाठी आजच अर्ज करून टाकावा असे मी सुचवेन. सध्या सरकारच्या तात्पुरत्या व्यवस्थेखाली असे अर्ज घेतले जात आहेत.

ब्रॅम्प्टनवासी
७ नोव्हेंबर २०२५

आजी, नमस्कार. वरच्या उत्तराशी मी सहमत नाही, आणि अर्जाची घाई करू नये असे आवर्जून सांगतो. मी गेली दोन वर्षे हा विषय जवळून पाहत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा प्रश्न मुळात संसदेने उपस्थित केलेला नाही. २००८ मध्ये झालेल्या आणि १७ एप्रिल २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वंशाने मिळणारे नागरिकत्व परदेशात जन्मलेल्या पहिल्या पिढीपुरते मर्यादित केले. जावई पहिल्या पिढीत बसले, नात दुसऱ्या पिढीत गेली. १९ डिसेंबर २०२३ रोजी ओंटारिओच्या वरिष्ठ न्यायालयाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली आणि केंद्र सरकारने त्याविरुद्ध अपील केले नाही. कायदा तत्काळ रद्द झाला असता तर गोंधळ उडाला असता, म्हणून न्यायालयाने आपला निर्णय स्थगित ठेवून संसदेला सहा महिने दिले. ती मुदत तेव्हापासून पुन्हा पुन्हा वाढवावी लागली आहे आणि सध्या ती २० नोव्हेंबरपर्यंत आहे.

या मुदतीत आलेले पहिले विधेयक सी-७१ होते. ते २३ मे २०२४ रोजी मांडले गेले आणि द्वितीय वाचनाच्या पुढे सरकले नाही. ६ जानेवारी २०२५ रोजी पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून अधिवेशन संपवण्यात आले, त्या क्षणी ते विधेयकही संपले. त्याआधी याच विषयाचे एस-२४५ हे विधेयक सिनेटने २०२२ मध्ये मंजूर करून खाली पाठवले होते. कॉमन्सच्या समितीने त्याची व्याप्ती खूप वाढवली, ते रेंगाळले आणि त्याच दिवशी तेही गेले. एका सभागृहाची मंजुरी मिळालेले विधेयकसुद्धा कायदा न होता संपू शकते, हे या विषयात एकदा घडून गेले आहे. म्हणून 'मुख्य काम झाले' असे म्हणणे मला धोक्याचे वाटते.

आता सी-३. ते ५ जून २०२५ रोजी मांडले गेले, तेच त्याचे प्रथम वाचन. द्वितीय वाचनात तत्त्वावर चर्चा झाली, मग नागरिकत्व व स्थलांतरविषयक स्थायी समितीने कलमवार विचार केला, नंतर अहवाल टप्पा झाला आणि ५ नोव्हेंबरला तृतीय वाचन. सिनेटमध्ये हाच क्रम पुन्हा होईल: वाचने, समिती, मतदान. सिनेटने एका शब्दाची जरी दुरुस्ती केली, तरी विधेयक कॉमन्सकडे परत येते आणि दोन्ही सभागृहांचा मजकूर सारखा होईपर्यंत पुढे जात नाही. त्यानंतर गव्हर्नर जनरलने राजाच्या वतीने द्यायची राजसंमती. ती मिळाली की विधेयक अधिनियम होते.

तरीही नात त्या दिवशी नागरिक होणार नाही. विधेयकाचे शेवटचे कलम उघडून पाहा. अधिनियम मंत्रिमंडळाच्या आदेशाने ठरवलेल्या दिवशी अंमलात येईल, असे तिथे लिहिले आहे. राजसंमतीची तारीख वेगळी आणि अंमलाची तारीख वेगळी. आपल्या कुटुंबासाठी सर्वांत महत्त्वाची तारीख ही शेवटचीच आहे, कारण तिच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्या मुलांना वेगवेगळे नियम आहेत.

अंमलाच्या तारखेआधी जन्मलेली आणि केवळ पहिल्या पिढीच्या मर्यादेमुळे वगळलेली मुले आपोआप नागरिक ठरतील. नात यात येते आणि तिच्यासाठी जावयांच्या वास्तव्याचा हिशेब लागणार नाही. त्या तारखेला किंवा नंतर जन्मणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र, परदेशात जन्मलेल्या नागरिक पालकाने मुलाच्या जन्मापूर्वी कॅनडात एकूण १,०९५ दिवस प्रत्यक्ष राहिलेले असले पाहिजे. येणारे बाळ कोणत्या गटात पडेल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. जावयांचे दिवस मोजून ठेवा.

डोंबिवलीची आजी
९ नोव्हेंबर २०२५

ब्रॅम्प्टनवासी, मनापासून आभार. शेवटचे कलम वाचले. इतकी वर्षे मुलांना विधेयकाचे टप्पे शिकवले, पण अंमलाच्या तारखेचे कलम कधी निराळे काढून शिकवले नाही, ही माझ्याकडून राहिलेली गोष्ट आहे.

जावई, मुलगी आणि मी काल जुने कागद घेऊन बसलो आणि वहीत हिशेब मांडला. सप्टेंबर ते एप्रिल अशी चार शैक्षणिक वर्षे, २००९ ते २०१३, म्हणजे ९६९ दिवस (२०१२ च्या फेब्रुवारीत एक दिवस जास्त). उन्हाळ्याच्या सुट्टीत ते दरवर्षी नाशिकला येत. पदवीनंतर मे ते सप्टेंबर २०१३ मिसिसॉगाला नोकरी केली, ते १५३ दिवस. एकूण ११२२ झाले आणि आम्ही सुटकेचा श्वास घेतला. मग जावयांनाच आठवले की तीन हिवाळ्यांत ते नाताळच्या सुट्टीत घरी आले होते, प्रत्येकी वीस दिवस. ते साठ वजा केले तर १०६२ उरतात. तेहतीस दिवस कमी पडतात.

रात्री व्याह्यांना विचारले, तेव्हा त्यांनी २००१ च्या उन्हाळ्याची आठवण करून दिली. जावई दहा वर्षांचे असताना ते त्यांना जुने मित्र भेटवायला सहा आठवडे टोरांटोला घेऊन गेले होते. ते ४२ दिवस धरले तर ११०४ होतात. लहानपणीचे असे वास्तव्य चालते का?

ब्रॅम्प्टनवासी
१० नोव्हेंबर २०२५

आजी, आपण ज्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे, त्यावरच गेल्या महिन्यात समितीत सर्वांत मोठा वाद झाला. तो इथे मांडतो, कारण विधेयक 'मंजूर झाले' या दोन शब्दांत तो पार हरवून जातो.

सरकारने मांडलेल्या मजकुरात १,०९५ दिवस एकत्रित मोजायचे होते. ते सलग असण्याची गरज नव्हती आणि पालकाच्या वयाची अटही नव्हती. समितीने त्यात बदल केला. हे दिवस कोणत्याही सलग पाच वर्षांच्या आत बसले पाहिजेत अशी अट आली, शिवाय प्रौढांसाठी भाषेची परीक्षा आणि सुरक्षाविषयक तपासणीही घातली गेली. या दुरुस्त्या कन्झर्वेटिव्ह आणि ब्लॉक केबेकवा या पक्षांनी मिळून केल्या. समितीत सत्ताधारी लिबरल पक्षाकडे अध्यक्षपद आहे आणि अध्यक्ष फक्त समसमान मते पडल्यास मत देतो, त्यामुळे दोन विरोधी पक्ष एकत्र आले की ते सत्ताधाऱ्यांना मागे टाकतात. एनडीपी (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) या पक्षाचे एप्रिलच्या निवडणुकीत फक्त सात सदस्य निवडून आले. मान्यताप्राप्त पक्षासाठी बारा लागतात, म्हणून समितीत त्यांना मताचा अधिकार नाही.

अहवाल टप्प्यावर विधेयक संपूर्ण सभागृहापुढे आले आणि चित्र पालटले. ३४३ जागांच्या सभागृहात लिबरल पक्षाने निवडणुकीत १६९ जागा मिळवल्या होत्या. तिथे एनडीपीच्या सात मतांना पूर्ण किंमत आहे. या दोन पक्षांनी मिळून समितीच्या त्या दुरुस्त्या काढून टाकल्या आणि मूळ मजकूर परत आणला. ५ नोव्हेंबरला तृतीय वाचनात मंजूर झाला तो हा मजकूर.

आता तुमची वही पुन्हा उघडा. समितीचा मजकूर टिकला असता तर २००१ चे ४२ दिवस २००९ ते २०१३ च्या दिवसांत मिळवता आले नसते, कारण ते पाच वर्षांच्या कोणत्याही एका चौकटीत एकत्र बसत नाहीत. १०६२ वर हिशेब थांबला असता. सध्याच्या मजकुरानुसार ४२ दिवस धरता येतात, कारण ते बाळाच्या जन्माआधीचे आहेत आणि जावई तेव्हा प्रत्यक्ष कॅनडात होते. वाक्यातील एका अटीवर तुमच्या घरातल्या मुलाचे नागरिकत्व अवलंबून होते. सिनेटने तसाच बदल पुन्हा सुचवला तर प्रश्न नव्याने उभा राहील, म्हणून सिनेट औपचारिक आहे असे मी म्हणणार नाही.

पुरावा मात्र भक्कम हवा. तुमच्याकडे नऊच दिवसांचे अंतर आहे. कॅनडातून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का बसत नाही, त्यामुळे विद्यापीठाची गुणपत्रके, भाड्याचे करार आणि त्या वर्षांचे कर-निर्धारणाचे कागद जमवा. २००१ साठी मुंबई विमानतळाचे शिक्के सर्वांत उपयोगी ठरतील.

वऱ्हाडी वकील
११ नोव्हेंबर २०२५

आजींना नमस्कार. मी नागपूरला वकिली करतो. कॅनडाच्या कायद्याबद्दल ब्रॅम्प्टनवासी यांनी लिहिले तेच मी मान्य करून चालतो आणि भारतीय बाजू मांडतो, कारण या चर्चेत ती अजून आलेली नाही.

नात भारतात जन्मली, तिची आई भारतीय नागरिक आहे आणि वडील बेकायदा स्थलांतरित नाहीत, म्हणून १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ३ नुसार ती जन्माने भारतीय नागरिक आहे. येणारे बाळ पुण्यातच जन्मले तर तेही तसेच असेल. कलम ९ सांगते की, जो भारतीय नागरिक नैसर्गिकीकरणाने, नोंदणीने किंवा अन्य प्रकारे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करतो, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. यातील 'स्वेच्छेने' हा शब्द कळीचा आहे. परकी कायद्याने एखाद्या मुलीला आपोआप नागरिक ठरवले आणि तिने किंवा तिच्या पालकांनी त्यासाठी काही केले नाही, तर ते स्वेच्छेने केलेले संपादन नव्हे, अशी बाजू भक्कमपणे मांडता येते. म्हणूनच स्कारबरोच्या वाचकांनी सुचवलेला तात्पुरत्या व्यवस्थेतील अर्ज मला घातक वाटतो. तिथे नागरिकत्व अर्ज केल्यावर विशेष अधिकारात प्रदान केले जाते, म्हणजे ते मागून घेतलेले ठरते. काही काळ थांबून जे आपोआप मिळू शकते, ते आज मागून घेणे हे तिचे भारतीय नागरिकत्व पणाला लावण्यासारखे आहे.

पासपोर्टबद्दल त्याहून अधिक सावध राहा. नागरिकत्व नियमांच्या तिसऱ्या अनुसूचीत असे आहे की, भारतीय नागरिकाने दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर त्याने ते नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा तो निर्णायक पुरावा मानला जाईल. या स्वरूपाचा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये इझहार अहमद खान खटल्यात वैध ठरवला आहे. कॅनडाचा पासपोर्ट हाती घेण्यापूर्वी मुलीने आणि जावयांनी नीट विचार करून निर्णय घ्यावा, आणि घेतलाच तर भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्डासाठी अर्ज करावा. दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून प्रवास करणे हा गुन्हा ठरू शकतो.

आजी शिक्षिका होत्या म्हणून एक तुलना करतो. आपल्याकडे राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ नुसार केवळ सत्रसमाप्तीने विधेयक संपत नाही. ते व्यपगत होते ते लोकसभा विसर्जित झाल्यावर. नागरिकत्व (सुधारणा) विधेयक, २०१६ हे १९ जुलै २०१६ रोजी लोकसभेत मांडले गेले, संयुक्त समितीकडे गेले, समितीचा अहवाल ७ जानेवारी २०१९ रोजी आला आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेत ते पुढे गेले नाही आणि सोळाव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. त्याच वर्षी नवे विधेयक आले तेव्हा ९ डिसेंबरला लोकसभा, ११ ला राज्यसभा आणि १२ ला राष्ट्रपतींची संमती, असे सगळे चार दिवसांत आटोपले. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव ९९ विरुद्ध १२४ मतांनी फेटाळला गेला. अधिनियम १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला, पण त्याखालचे नियम प्रसिद्ध झाले ११ मार्च २०२४ रोजी. त्या चार वर्षांत माझ्याकडे येणारी माणसे विचारत की, कायदा झाला आहे तर अर्ज कुठे करायचा, आणि मला सांगावे लागे की अर्जाचा नमुनाच अजून अस्तित्वात नाही. ज्यांचे आयुष्य अशा कागदावर टेकलेले असते, त्यांना ही वाट पाहणे फार जड जाते.

स्कारबरो_वाचक
११ नोव्हेंबर २०२५

वकीलसाहेबांचे म्हणणे पटले. भारतीय बाजूचा मी विचारच केला नव्हता. आजी, माझा सल्ला मागे घेतो, क्षमस्व.

ब्रॅम्प्टनवासी
२१ नोव्हेंबर २०२५

सिनेटने विधेयक कोणतीही दुरुस्ती न करता मंजूर केले आणि काल, २० नोव्हेंबरला, राजसंमती मिळाली. अंमलाची तारीख अजून जाहीर झालेली नाही. दरम्यान न्यायालयाने मुदत २० जानेवारी २०२६ पर्यंत वाढवली आहे, म्हणजे सरकारला त्याआधी आदेश काढावा लागेल असे दिसते. बाळाची अपेक्षित तारीख आणि ही मुदत किती जवळ आहेत, हे लक्षात घ्या. आदेशाआधी जन्म झाला तर दिवसांचा हिशेब लागणार नाही, नंतर झाला तर लागेल. वही आणि पुरावे तयार ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे.

ब्रॅम्प्टनवासी
१६ डिसेंबर २०२५

अधिनियम काल, १५ डिसेंबर २०२५ रोजी अंमलात आला. आजी, नात आता कॅनडाच्या कायद्याने नागरिक आहे. जानेवारीतील बाळाला १,०९५ दिवसांचा निकष लागेल.

एक व्यावहारिक अडचण आधीच सांगून ठेवतो. कॅनडा स्वतःच्या नागरिकाला प्रवासी व्हिसा देत नाही. नातीला भारतीय पासपोर्टवर व्हिसा घेऊन टोरांटोला नेण्याचा विचार असेल, तर तो मार्ग आता बंद झाला आहे असे धरा. तिला न्यायचे तर कॅनडाचा पासपोर्ट लागेल, आणि तिथे वकीलसाहेबांनी सांगितलेला प्रश्न समोर येईल.

डोंबिवलीची आजी
१८ जानेवारी २०२६

आपणा सर्वांना कळवते की, मुलीला ९ जानेवारीला पुण्यात मुलगा झाला. दोघेही सुखरूप आहेत.

नाशिकच्या घरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जावयांचा लहानपणीचा पासपोर्ट सापडला. त्यात दहा वर्षांच्या मुलाचा फोटो आहे आणि मुंबई विमानतळाचे दोन शिक्के. जाण्याचा स्पष्ट आहे, परतीचा पुसट आहे, पण भिंग धरले की तारीख वाचता येते. प्रवासाचे दिवस सोडून मोजले तरी ४१ दिवस भरतात, म्हणजे एकूण ११०३.

मुलीने आणि जावयांनी असे ठरवले आहे की, दोन्ही मुलांचे भारतीय पासपोर्ट तूर्त तसेच राहू द्यायचे आणि कॅनडाच्या पासपोर्टसाठी अर्ज करायचा नाही. नातवाचा जन्मदाखला महानगरपालिकेतून आला की दिवसांचे सगळे पुरावे साक्षांकित करून एका फाइलीत लावणार आहोत. मुलांच्या नागरिकत्वाचा नुसता दाखला कॅनडाकडून मागावा की नाही, हे वकीलसाहेबांना प्रत्यक्ष भेटून विचारायचे आहे. तिसऱ्या अनुसूचीत पासपोर्टचा उल्लेख आहे, दाखल्याचा नाही, असे मी वाचले. माझे वाचन बरोबर आहे का, ते कृपया कळवावे.

वऱ्हाडी वकील
१९ जानेवारी २०२६

आजी, अभिनंदन. आपले वाचन बरोबर आहे, त्या नियमात पासपोर्टचाच उल्लेख आहे. तरीही दाखल्यासाठी पालकांनी केलेला अर्ज उद्या कोणी कसा वाचेल, याचा विचार करून अर्जातील भाषा ठरवावी लागेल. तो अर्ज आधीपासून असलेल्या नागरिकत्वाची नोंद मागणारा असावा, नागरिकत्व मागणारा नसावा. मसुदा पाठवण्यापूर्वी मला दाखवा. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुण्याला येत आहे.